पैसे देऊन ई-बुक, पीडीएफ नोट्स, ऑनलाइन कोर्स घ्यावा का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी तालुक्याच्या गावातलं सार्वजनिक वाचनालय आणि त्याला जोडलेली अभ्यासिका बघते. पुस्तक बदलायला आलेला माणूस जाता जाता मोबाईल पुढे करतो आणि विचारतो, "ताई, हे घेऊ का?" अभ्यासिकेतली पोरं, बचत गटातल्या बायका, रिटायर झालेले काका, सगळेच विचारतात, आणि आता तर बाहेरगावचे लोक पण मेसेज करतात. तेच तेच प्रश्न परत येतात म्हणून एकदाच नीट लिहून ठेवलंय.

१. सगळं तर यूट्यूबवर फुकट आहे, मग पैसे द्यायचेच कशाला?

बऱ्याच वेळा खरंच द्यायची गरज नसते. बालभारतीची आणि एनसीईआरटीची पुस्तकं पीडीएफमध्ये फुकट आहेत, मराठी विश्वकोश पूर्ण ऑनलाइन वाचता येतो, साहित्य आणि संस्कृती मंडळाने स्वतःची कितीतरी पुस्तकं वेबसाइटवर मोकळी ठेवलीत, ई साहित्य प्रतिष्ठान मराठी ई-पुस्तकं फुकट देतं. कॉलेज लेव्हलचं काही शिकायचं असेल तर एनपीटीईएल आणि स्वयम या सरकारी मदतीने चालणाऱ्या वेबसाइटवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर्स फुकट बघता येतात, परीक्षा देऊन सर्टिफिकेट हवं असेल तरच फी.

मग पैसे कशाचे द्यायचे? माझ्या मते दोनच गोष्टींचे. एक म्हणजे कुणीतरी शंभर ठिकाणचं वाचून त्यातलं कामाचं निवडून क्रमाने लावून दिलंय, त्या मेहनतीचे. आणि दुसरं, जे मला जास्त महत्त्वाचं वाटतं, अडलं तर विचारायला माणूस आहे, त्याचे. माहिती तर कुठेही मिळते हो, पण "माझं असं असं झालंय, आता काय करू" याला उत्तर देणारा मिळत नाही. म्हणून कुणी काही विकत घेताना मला विचारलं की माझा पहिला प्रश्न हाच असतो, की पैसे दिल्यावर तुमच्या प्रश्नाला उत्तर कोण देणार?

२. घेण्याआधी आतला माल चांगला आहे की नाही कसं ओळखायचं? आधी वाचायला तर देत नाहीत.

अनुक्रमणिका आणि दहा-बारा पानं मागा. दुकानात पुस्तक चाळून बघतोच ना आपण, इथे पण नमुना हक्काने मागायचा. किंडलवर बहुतेक पुस्तकांचा नमुना फुकट डाउनलोड होतो. स्वतः पीडीएफ विकणारा माणूस नमुना द्यायला तयार नसेल तर तिथेच थांबा.

नमुना मिळाला की त्यातलं असं पान शोधा ज्या विषयातलं तुम्हाला आधीच थोडं कळतं. अनोळखी विषयात सगळंच भारी वाटतं, ओळखीच्या विषयात पोकळ बोलणं दोन मिनिटात कळतं.

हे मी का सांगते त्यामागे घरातलीच गोष्ट आहे. माझा मामेभाऊ आटपाडीकडे असतो, त्याला शेळीपालन करायचं होतं, त्याने मोबाईलवर जाहिरात बघून १,१९९ रुपयांचं ई-बुक घेतलं आणि मला कौतुकाने दाखवायला आणलं. एकशे चाळीस पानं, रंगीत फोटो, पण फोटो सगळे जमुनापारी आणि बीटल या जातींच्या शेळ्यांचे, आणि आमच्या भागात कोरड्या हवेत टिकते ती उस्मानाबादी, तिच्यावर जेमतेम अर्धं पान. गोठ्याचं प्रकरण एका सरकारी माहितीपत्रकातून शब्दन् शब्द उचललेलं, कारण ते पत्रक आमच्या वाचनालयाच्या फाईलमध्येच होतं. आंत्रविषार या शेळ्यांच्या रोगाची लस पावसाळ्याआधी टोचायची, हे शेळीवाल्या म्हाताऱ्या आजीला पण माहीत असतं, ते कुठेच नाही. अनुदानाच्या पानावर जुने आकडे. शेवटच्या पानावरचा "कधीही फोन करा" वाला नंबर बंद. नंतर तो कृषी विज्ञान केंद्राच्या प्रशिक्षणाला गेला, तिथे पशुवैद्यक समोर होते, त्याने विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाला त्याच्या रानाचा, त्याच्या पाण्याचा विचार करून उत्तर मिळालं. आज त्याच्याकडे शेळ्या आहेत, पण त्या ई-बुकमुळे नाहीत. १,१९९ रुपये म्हणजे त्या घराचा आठवड्याचा बाजार होता, म्हणून मला ते अजून टोचतं.

तर बघायचं काय: लेखकाने हे काम स्वतः केलंय का, पुस्तक शेवटचं कधी सुधारलंय, आपल्या भागाला लागू आहे का, आणि नंबर चालू आहे का. पैसे भरायच्या आधी त्या नंबरवर एक खरा प्रश्न विचारून बघा.

३. "४,९९९ चा कोर्स आज रात्री १२ पर्यंत फक्त ४९९" असं टायमर लावून दाखवतात. आज नाही घेतला तर खरंच महाग होतो का?

उद्या परत उघडून बघा, शक्यतो दुसऱ्या मोबाईलवरून. टायमर बहुतेक वेळा परत पहिल्यापासून सुरू झालेला दिसेल. खोटी घाई लावणं हा केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२३ मध्ये काढलेल्या डार्क पॅटर्नच्या (म्हणजे ऑनलाइन गिऱ्हाइकाला फसवून घ्यायला लावणाऱ्या युक्त्यांच्या) नियमांत बंदी घातलेला प्रकार आहे. त्याच यादीत अजून एक आहे, आधी कमी किंमत दाखवायची आणि पेमेंटच्या पानावर हळूच काहीतरी वाढवायचं. कोर्सवर सहसा १८ टक्के जीएसटी असतो, तो धरून किंमत आहे की वेगळा लागणार हे आधीच विचारा.

माझा साधा नियम आहे, जाहिरात दिसली त्या दिवशी घ्यायचं नाही. तीन दिवसांनी पण ते हवंसं वाटलं तर बघू. बहुतेक वेळा तीन दिवसांत विसरायला होतं.

४. रिव्ह्यू तर सगळे पाच स्टारचे आहेत, आणि व्हॉट्सअॅपचे स्क्रीनशॉट पण आहेत. त्यावर विश्वास ठेवू नको का?

विकणाऱ्याच्या स्वतःच्या पानावरचे रिव्ह्यू त्यानेच निवडलेले असतात एवढं लक्षात ठेवा. स्क्रीनशॉट तर कुणीही बनवतं. रिव्ह्यूत नेमकं काय लिहिलंय ते बघा. "खूप छान सर, लाइफ चेंजिंग" याचा काही उपयोग नाही. "तिसऱ्या धड्यात जमाखर्चाचं उदाहरण चांगलं आहे पण जीएसटीचा भाग जुना वाटला" असं लिहिलेलं असेल तर तो माणूस खरंच वाचून आलाय. तीन स्टारवाले आधी वाचा, तिथे बरंचसं खरं सापडतं.

आणि सांगणारा इन्फ्लुएन्सर असेल तर त्याला त्या लिंकमधून कमिशन मिळतं का बघा. मिळत असेल तर ते त्याने स्पष्ट सांगायला हवं असा नियमच आहे. कमिशन घेणं चूक नाही, लपवणं चूक.

५. वेबिनार ९९ रुपयांचा आहे, गेले तर काय जातंय?

९९ गेले तर काही नाही, पण बऱ्याच ठिकाणी तो वेबिनार म्हणजे दोन तासांची जाहिरात असते. पहिला तास स्वतःची गरिबीतून वर आल्याची गोष्ट, पुढे अर्धा तास थोडंसं शिकवणं, आणि मग २५,००० चा खरा कोर्स. जायचं तर एक वही घेऊन बसा, आणि या दोन तासांत मी उद्या सकाळी करू शकेन असं काय शिकले ते लिहा. वहीत काहीच आलं नाही तर पुढच्या २५,००० मध्ये पण काही येणार नाही. कार्ड मात्र जवळ ठेवून बसू नका.

६. एमपीएससीसाठी पेड नोट्स घेऊ का? सगळे मित्र घेतायत.

आधी फुकटचं संपवा. आयोगाच्या वेबसाइटवर अभ्यासक्रम, जुन्या प्रश्नपत्रिका आणि उत्तरतालिका आहेत. राज्याचा आर्थिक पाहणी अहवाल दरवर्षी अर्थ व सांख्यिकी संचालनालय काढतं, तो पण फुकट, आणि पेड नोट्समधलं महाराष्ट्राच्या अर्थव्यवस्थेचं प्रकरण तिथूनच उतरवलेलं असतं. पाचवी ते बारावीची स्टेट बोर्डाची पुस्तकं बालभारतीकडे.

नोट्स घेताना तारीख बघणं फार गरजेचं आहे. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तरी बहुपर्यायी प्रश्नांच्या काळातल्या नोट्स नवीन कव्हर लावून विकल्या जातायत हे मी आमच्याच अभ्यासिकेत बघितलंय. पोरगा रोज चार तास ते पाठ करत होता.

पैसे द्यायचेच असतील तर उत्तरं तपासून देणाऱ्याला द्या. तुम्ही लिहिलेलं उत्तर कुणीतरी वाचतंय, लाल पेनाने खुणा करतंय, कुठे भरकटलात ते सांगतंय, याला खरी किंमत आहे. माझ्याकडे पोरं येतात त्यांना मी हेच सांगते, नोट्स तुमच्या तुम्ही काढा, काढताना जे डोक्यात बसतं ते दुसऱ्याच्या नोट्स वाचून बसत नाही.

७. तीच पीडीएफ टेलिग्रामवर ५० रुपयाला मिळतेय, काही तर फुकट टाकतात. ती घेतली तर काय बिघडतं?

मराठीत एखादं चांगलं अभ्यासाचं पुस्तक किंवा कथासंग्रह किती खपतो याची कल्पना वाचनालयात बसून मला रोज येते. लेखकाच्या हातात त्यातून येतं थोडंच, आणि ते पण असं काढून घेतलं तर पुढचं पुस्तक तो लिहिणार कशाला? खरंच परवडत नसेल तर वाचनालयात या, आम्ही मागवून देतो, एकच प्रत दहा जण वाचतात आणि लेखकाला तिचे पैसे मिळालेले असतात.

शिवाय धोका पण आहे. पायरेटेड फाईल कुठल्या वर्षाची कळत नाही, मधली पानं गायब असतात, आणि "पुस्तक वाचायला हे अॅप टाका" म्हणून एपीके (अॅपची फाईल) पाठवलं तर ते अजिबात उघडू नका, त्यातून बँकेचे मेसेज वाचले जातात.

८. पण जुन्या लेखकांची पुस्तकं तर कॉपीराइटमधून सुटलीत ना? मग ती पैसे घेऊन कशी विकतात?

आपल्याकडे लेखक गेल्यानंतर पुढच्या वर्षापासून साठ वर्षं कॉपीराइट असतो. साने गुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे २०१० संपलं तेव्हा त्यांचं लेखन सगळ्यांसाठी मोकळं झालं. ते कुणीही छापून विकू शकतं, त्यात बेकायदेशीर काही नाही. पण तुम्ही पैसे द्यायचे की नाही हे फाईल बघून ठरवा. स्कॅन केलेली, अर्धी अक्षरं उडालेली फाईल असेल तर तीच कुठेतरी फुकट असणार. नीट टाइप केलेली, शुद्धलेखन तपासलेली, टिपा दिलेली आवृत्ती असेल तर त्या कामाचे पैसे जरूर द्या. अनुवाद असेल तर सांभाळून, मूळ लेखकाचा हक्क संपला तरी अनुवादकाचा वेगळा असतो.

९. ई-बुक विकत घेतलं म्हणजे ते कायमचं माझं झालं का? आणि "लाइफटाइम अॅक्सेस" म्हणजे काय?

साधी पीडीएफ डाउनलोड करून ठेवली असेल तर ती तुमच्याजवळ राहते. अॅपमधलं ई-बुक म्हणजे बहुतेक वेळा वाचायची परवानगी असते, मालकी नसते. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने आपलं ई-बुकचं दुकान बंद केलं तेव्हा लोकांनी विकत घेतलेली पुस्तकं पण उघडेनाशी झाली, पैसे परत दिले त्यांनी, पण पुस्तकं गेली ती गेलीच. किंडलवर पूर्वी पुस्तक कॉम्प्युटरवर उतरवून यूएसबीने घालता यायचं, ती सोय फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली.

लाइफटाइम म्हणजे तुमचं आयुष्य नाही हो, त्या वेबसाइटचं आयुष्य. कोर्स विकणारा छोटा माणूस असेल तर दोन वर्षांनी साइट चालू असेल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. म्हणून जे घ्याल ते लगेच शिकता येईल असंच घ्या, आणि डाउनलोड करून ठेवायची परवानगी असेल तर त्याच दिवशी ठेवा.

१०. शेअर मार्केटचा कोर्स घेऊ का? ट्रेनर रोजचा प्रॉफिट दाखवतो.

इथे मी जरा कडक बोलते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबी या सरकारी संस्थेने सप्टेंबर २०२४ मध्ये आकडे दिले, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स (म्हणजे पुढच्या भावावरचे सौदे) करणाऱ्या सामान्य माणसांपैकी ९३ टक्के लोक तोट्यात होते, आणि खर्च धरून माणशी सरासरी तोटा साधारण दोन लाख. कोर्स करून गेलेले पण त्यातच आहेत.

फक्त शिकवायला सेबीची नोंदणी लागत नाही, पण "हा शेअर घ्या, हा विका" सांगायला लागते. त्याचाच फायदा घेऊन शिकवण्याच्या नावाखाली टिप्स दिल्या जातात, म्हणून सेबीने जानेवारी २०२५ च्या परिपत्रकात सांगितलं की शिक्षण देणाऱ्याने गेल्या तीन महिन्यांतले भाव वापरून बोलायचं नाही. तुमचा ट्रेनर आजचा लाइव्ह चार्ट लावून शिकवत असेल तर समजून घ्या. नोंदणी नंबर सांगत असेल तर तो सेबीच्या वेबसाइटवर स्वतः टाकून नाव जुळतंय का बघा.

मूळ गोष्टी शिकायच्या तर एनआयएसएम या सेबीच्याच शिक्षणसंस्थेची सेबी इन्व्हेस्टर सर्टिफिकेशनची परीक्षा फुकट आहे, अभ्यासाचं साहित्य पण फुकट. झिरोधा या ब्रोकर कंपनीच्या वर्सिटी वेबसाइटवर पण बरंच फुकट वाचायला मिळतं. एवढं पूर्ण केल्यावर सुद्धा पेड कोर्स हवासा वाटला तर मग विचारा.

११. कोर्स घेतला की तोच कोर्स दुसऱ्यांना विकून कमिशन मिळतं म्हणे. घरबसल्या कमाई होईल ना?

एक प्रश्न विचारा: दुसऱ्याला विकायचं नसतं तर हा कोर्स कुणी घेतला असता का? उत्तर नाही असेल तर तिथे शिक्षण नाहीये, साखळी आहे. पैसे फक्त नवीन माणसं आणून मिळत असतील तर तो पिरॅमिडचा प्रकार, आणि डायरेक्ट सेलिंगच्या २०२१ च्या नियमांनी तो बंद केलाय. यात सगळ्यात जास्त पोळतात त्या आपल्याच बहिणी, जावा, शेजारणी, कारण पहिल्यांदा विकायला आपण त्यांच्याकडेच जातो. पैसे परत कमावता येतील, पण शेजारीण बोलायची थांबली की थांबली.

१२. फी ६०,००० आहे पण ते म्हणतात महिना ५,००० चा हप्ता करून देतो. चालेल का?

तो हप्ता म्हणजे कर्ज आहे, आणि ते कोर्सवाल्याचं नसून एखाद्या फायनान्स कंपनीचं असतं. कोर्स आवडला नाही, बंद पडला, तरी हप्ता चालूच, आणि बुडवला तर तुमचा सिबिल खराब. सही किंवा ओटीपी देण्याआधी "की फॅक्ट स्टेटमेंट" नावाचा कागद मागा, त्यात व्याज आणि सगळे चार्जेस एका पानावर लिहिलेले असतात. अॅपवरून घेतलेल्या कर्जाला कूलिंग-ऑफचा काळ असतो, कमीत कमी एक दिवस तरी, त्यात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज भरून कर्ज सोडता येतं. म्हणून घेतलंच असेल तर त्याच रात्री घरात बोला, आठवड्याने बोलून उपयोग नाही.

१३. आवडलं नाही तर पैसे परत मिळतात का?

कायद्याने प्रत्येक ऑनलाइन खरेदीला परतीचा हक्क आहे असा बऱ्याच जणांचा समज आहे, तसं नाहीये. डिजिटल वस्तूला तर बहुतेक जण रिफंड नाहीच म्हणून लिहून ठेवतात. पण रिफंडचे नियम काय ते विकण्याआधी स्पष्ट दाखवायलाच लागतं, आणि जाहिरातीत सांगितलेलं आत नसेल तर ती सेवेतली त्रुटी आहे, तिथे तुम्ही मागू शकता. "३० दिवसांत मनी बॅक" लिहिलं असेल तर खालच्या बारीक अटी वाचा, कधीकधी सगळे व्हिडिओ बघून सगळा होमवर्क केला तरच परत असं असतं. पैसे भरायच्या आधी त्या पानाचा आणि जाहिरातीचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, पुढच्या प्रश्नात तोच लागतो.

१४. पैसे घेतले आणि आता फोन उचलत नाहीत. कुठे तक्रार करू?

आधी बघा फसवणूक आहे की वाईट सेवा. लिंक खोटी होती, पैसे जाऊन काहीच मिळालं नाही, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन, तास-दोन तासांत केला तर पैसे अडवता यायची शक्यता जास्त. कोर्स मिळाला पण सांगितल्यासारखा नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला ईमेल करा, ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने ४८ तासांत पोच द्यायची असते आणि महिन्यात निकाल लावायचा असतो. नाही झालं तर ग्राहक हेल्पलाइन १९१५, बरीच प्रकरणं तिथेच मिटतात.

त्याच्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असली तरी. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही, वकील लागतोच असं नाही, मुदत दोन वर्षांची.

१५. पहिला महिना १ रुपया म्हणून घेतलं आणि आता दर महिन्याला पैसे कटतायत. बंद कसं करायचं?

यूपीआय अॅपमध्ये ऑटोपे किंवा मँडेट नावाचा भाग असतो, तिथे जाऊन रद्द करा, कोर्सवाल्याची परवानगी लागत नाही. कार्डवर असेल तर बँकेच्या अॅपमध्ये. पैसे कटायच्या २४ तास आधी मेसेज येतो, तो जाहिरात समजून पुसू नका.

१६. आम्ही अमेरिकेत असतो, मुलांना मराठी शिकवायचंय. पेड कोर्स घ्यावा की पुस्तकं?

पहिलीपासूनची बालभारतीची पुस्तकं फुकट उतरवता येतात, त्यावर सुरुवात करा, आणि तुमच्या गावच्या महाराष्ट्र मंडळाची मराठी शाळा असेल तर तिथे घाला. किंडलवर मराठी २०१६ पासून आहे. पण मूल बोलायला लागावं असं वाटत असेल तर रेकॉर्ड केलेल्या व्हिडिओंवर पैसे घालवू नका, आठवड्यातून दोनदा समोर बसून गप्पा मारणारी मराठी ताई किंवा आजी शोधा आणि तिला चांगले पैसे द्या. प्रश्न १ मध्ये म्हटलं तेच इथे सगळ्यात जास्त लागू होतं.

१७. तुम्ही स्वतः कधी पैसे देऊन काही घेतलंय का जे खरंच वसूल झालं?

हो. बचत गटातल्या सहा जणींनी मिळून बेकिंगचा एक लाइव्ह क्लास घेतला होता, ७०० रुपये प्रत्येकी, चार रविवार, मी पण त्यात होते. शिकवणारी बाई नाशिकची, घरातूनच केक विकणारी. आमच्या एकीचा केक मध्येच खचायचा, तर त्या बाईने व्हिडिओ कॉलवर ओव्हन दाखवायला सांगितला, बघितलं आणि म्हणाली ताई तुम्ही मधेमधे दार उघडून बघताय, तेवढं थांबवा. झालं. कुठल्याही पुस्तकात हे वाक्य सापडलं असतं, पण ते आपल्यासाठी आहे हे आमच्या त्या मैत्रिणीला कळलं नसतं. आज ती वाढदिवसाच्या ऑर्डरी घेते.

१८. मला माझ्या नोट्सचं ई-बुक विकायचंय. लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून काय करू?

नमुन्याची पानं मोकळी ठेवा, शेवटची सुधारणा कधी केली ती तारीख पहिल्या पानावर टाका, कुणासाठी नाही ते पण लिहा, जसं की "पूर्वपरीक्षेला उपयोगी नाही". कुठून काय घेतलंय ते सांगा. किंमत एकच ठेवा, टायमर नको. चुका कळवायला नंबर द्या आणि सुधारलेली फाईल आधीच्या गिऱ्हाइकांना पुन्हा पैसे न घेता पाठवा. आणि तो नंबर संध्याकाळी सात ते आठ तरी स्वतः उचला. असं कुणी करत असेल तर मला कळवा, अभ्यासिकेच्या बोर्डावर मी स्वतः त्याचं नाव लावते, कमिशन नको.